१५१ बैलगाड्या आणि एक टीसी

दिवस पहिला : २३ जुलै, पुणे ते गोळेश्वर

आमच्या घरात एक बैलगाडी गेली कित्येक वर्षं चालू आहे. १९५२ साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून ऑलिंपिकचं कांस्यपदक घेऊन परतले, कराड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली, मिरवणुकीत १५१ बैलगाड्या होत्या आणि त्यातल्या एका गाडीत सहा वर्षांचे आबा बसले होते. आम्ही भावंडांनी हे इतक्या वेळा ऐकलंय, की आबांनी "त्या साली..." म्हणत पाय वर घेऊन मांडी घातली की आई भाजी निवडायला उठून जायची. गाड्या कधी १५१ असायच्या, कधी दोनशे. बैल कधी खिलार, कधी नुसतेच पांढरे. थोरला भाऊ एकदा म्हणाला होता, "आबा, तुमची गाडी एकशे बावन्नावी होती का?" तर दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आबा आता एकोणऐंशीचे आहेत. एसटीत कंडक्टर म्हणून बत्तीस वर्षं काढली. आजही नोटा उभ्या दुमडून बोटांच्या बेचक्यात धरतात आणि चहावाल्याला सुट्टे मागताना आवाज चढवतात. यंदा उन्हाळ्यात मोतीबिंदू काढला आणि पट्टी सुटल्याच्या तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता नीट दिसतंय तर गोळेश्वरला घिऊन चल." मी म्हटलं, २३ जुलैलाच जाऊ, पदकाच्याच तारखेला. त्यांनी लगेच मार्ग वाढवून घेतला. "मग तसंच खाली कोल्हापूर. आन् त्या टीसीच्या गावाला."

टीसी म्हणजे स्वप्नील कुसाळे. १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये, म्हणजे गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभं राहून करायच्या नेमबाजीत, कांस्य. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आबांना या सगळ्यापेक्षा पदक मिळालं तेव्हा तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता हे जास्त महत्त्वाचं. "आमच्या बिरादरीतला हाय," असं ते ओळखीपाळखीच्या सगळ्यांना सांगतात. रेल्वे आणि एसटी एकच, फक्त रूळ आणि रस्ता एवढाच फरक, असं त्यांचं मत.

खंबाटकीपासून पाऊस लागला. साताऱ्याच्या पुढं सहापदरीकरणाचं काम चालू, दर तीन किलोमीटरला डायव्हर्जन, सेवारस्त्यावरच्या खड्ड्यांत तळी. आबा पुढच्या सीटवर बसून प्रत्येक खड्ड्याला वेगळी शिवी देत होते. उंब्रजच्या अलीकडे माझी सहनशक्ती संपली आणि मी आमच्या वाटणीची खाशाबांची गोष्ट सुरू केली, म्हणजे त्यांचं लक्ष खड्ड्यांवरून उडेल.

मला ती गोष्ट खरी लंडनपासून आवडते. १९४८. खाशाबा बावीस वर्षांचे, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं लंडनला गेलेले, आणि आयुष्यभर लाल मातीत घाम गाळलेल्या माणसाला तिथं पहिल्यांदा मॅट लागली. नियम वेगळे, गुण वेगळे. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकी प्रशिक्षकानं ते शिकवले. फ्लायवेट गटात सहावा नंबर आला. सहावा म्हणजे तसा कौतुकाचा, पण सहाव्याला काही मिळत नाही. मग चार वर्षं वजनगट बदलून बँटमवेटची तयारी. १९५२ च्या निवडीच्या वेळी मद्रासला एका गुणानं हरले, दाद मागितली, पतियाळाच्या महाराजांनी पुन्हा कुस्ती लावून दिली, ती जिंकले. निवड झाली तर पैसे नाहीत. गावोगाव वर्गणी झाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी राहतं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले.

"सात हजार," आबा म्हणाले. "त्या वक्ताला."

पुढं हेलसिंकीत कॅनडाच्या पोलिकॅनला हरवलं, मेक्सिकोच्या बासुर्टोला हरवलं. जपानच्या शोहाची इशीशी लांबलेली कुस्ती गुणांवर गेली. हा इशी मुळातला जुडोवाला, युद्धानंतर अमेरिकनांनी जपानात जुडोवर बंदी घातली म्हणून कुस्तीकडे वळलेला. त्यानं सुवर्ण नेलं, आणि त्या ऑलिंपिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण होतं. मग सोव्हिएत रशियाच्या ममदबेयोवशी कुस्ती. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती, ती मिळाली नाही, आणि तक्रार करायला भारताचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता असं सांगतात. थकल्या अंगानं ती कुस्ती गेली. तिसरा नंबर. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

मला नेहमी वाटतं, या गोष्टीतलं सगळ्यात मोठं वाक्य "कोणी हजर नव्हतं" हे आहे. आबांना तसं वाटत नाही. "आसता कुणी हजर तर काय, सोनं आलं आसतं. पर मग बैलगाड्या किती लागल्या आसत्या?"

कराडात शिरलो आणि आबा म्हणाले, "आदी ठेसनावर चल." स्टेशन ओगलेवाडीच्या बाजूला, कृष्णेच्या पलीकडे. तिथं ओगल्यांचा काचकारखाना होता, प्रभाकर कंदिलाचा. आमच्या जुन्या घरात तसला एक कंदील अजून आहे, काच फुटलेला. स्टेशनासमोर गाडी लावली, छत्री उघडायच्या आत भिजलो. आबांनी घड्याळ पाहिलं. "सोड गाडी. दहा पंचेचाळीस." मिरवणुकीच्या वाटेनं गोळेश्वरला जायचं, आणि किती वेळ लागतो ते मोजायचं, हे त्यांनी पुण्यातच ठरवलेलं असणार. पंधरा-वीस मिनिटांची वाट. त्या दिवशी सात तास लागले होते. आम्हाला अडतीस मिनिटं लागली, कारण बाजारात एक केळ्यांचा टेम्पो आडवा होता आणि आबा प्रत्येक चौकात, तिकिटाच्या पेटीवर पंच आपटावा तसे, डॅशबोर्डवर अंगठीनं दोनदा टक-टक करून मला थांबवत होते. "हितं मान्सं झाडावर चढली व्हती." "हितं आवळणी केली बायकांनी." ओवाळणीला आमच्याकडं आवळणी म्हणतात.

गोळेश्वर आता कराडला जवळजवळ चिकटलंय. तरी आत शिरलं की गाव आहे. ओल्या वैरणीचा वास, गोठ्यांचे पत्रे, पायरीवर वाळत न वाळणारे कपडे. घरावर नाव आहे, "ऑलिंपिक निवास". आम्ही बाहेरूनच पाहिलं. कोणाच्या घरात न बोलावता शिरायचं नाही, एवढं आबांना कळतं. ते छत्री मिटून, पावसात, दोन मिनिटं नुसते उभे राहिले. मग टोपी काढून डोक्यावरचं पाणी निपटलं आणि टोपी परत घातली. नमस्कार होता की नुसतं पाणी निपटणं, मी विचारलं नाही.

पारावर पोत्याची खोळ घेतलेले एक गृहस्थ बसले होते. कुठनं आलाय, कुणाकडं, सगळी चौकशी झाली. संकुलाचा विषय निघणारच होता. खाशाबांच्या नावानं इथं कुस्ती संकुल करायचं ठरून किती वर्षं झाली ते त्यांनी बोटांवर मोजायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. २०१७ साली घरच्यांनी पदक लिलावात काढायची भाषा केली तेव्हा पुन्हा एकदा सगळीकडे बातम्या झाल्या होत्या. "बातम्या झ्याक येत्यात," ते म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

खाशाबा १९५५ ला पोलिसात फौजदार झाले, सत्तावीस वर्षं नोकरी केली, १४ ऑगस्ट १९८४ ला मोटारसायकलच्या अपघातात गेले. छत्रपती पुरस्कार मेल्यावर, अर्जुन पुरस्कार मेल्यावर. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला नाव २०१० मध्ये. गेली दोन-तीन वर्षं १५ जानेवारी, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, राज्य क्रीडा दिन म्हणून होतो. सगळं उशिरा, पण वेळेवर झालेलं एक काम होतं, ते या रस्त्यानं बैलगाडीतून झालं होतं. ज्यांच्याकडे द्यायला बैल होते त्यांनी बैल दिले.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. पावसानं उघडीप दिली होती. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात. जुलैत तर दोन्ही पैलवान अंगानं भरलेले, पाणी गढूळ, कुठली कुठली ते ओळखू येत नाही. आबांनी भाजलेलं कणीस घेतलं. दात नाहीत, तरी घेतलं. दाणे एकेक काढून खिशात टाकत म्हणाले,

"गाडीत न्हवतो मी."

मी गप्प.

"गाडी आपलीच व्हती. पर म्हातारी मान्सं बसली आन् पोरास्नी उतारलं. मी मागनं पळत हुतो, धुरीच्या मागं, खुट्टा धरून. म्हंजी थोडा येळ. मग हात सुटला. शेणात पडलो. मग आमची गाडी कुठली तेच कळंना."

"आणि खाशाबा?"

"दिसतंय कुठलं? सा वर्साचं पोर मी. मान्सांच्या मांड्या दिसल्या. धोतरं आन् मांड्या." एक दाणा तोंडात टाकून बराच वेळ चघळला. "रातच्याला घरी गेलो तर बानं हानला. माजं पदक मला पाठीवर मिळालं."

कणसाचं बुरकूट त्यांनी नदीत टाकलं नाही, पिशवीत ठेवलं. कंडक्टर.

दिवस दुसरा : २४ जुलै, पेठ नाका ते कोल्हापूर

लवकर निघायचं ठरलं होतं. निघालो दहाला.

पेठ नाक्यावर चहाला थांबलो, आणि तो थांबा आमच्या यादीत मुद्दाम होता. हे पेठ म्हणजे मुरलीकांत पेटकरांचं गाव. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर गेलेला लष्करातला बॉक्सर, पुढं पोहायला लागला आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण घेऊन आला, ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ ला, अर्जुन जीवनगौरव २०२५ च्या जानेवारीत, म्हणजे त्रेपन्नाव्या वर्षी. आबा म्हणाले, "आपल्याकडं सत्कार म्हंजी पेन्शन. रिटायर झाल्याबिगर मिळत न्हाई." चहा मात्र फर्स्टक्लास होता, आणि सोबतची भजी त्याहून.

कराडपासून कोल्हापूर पाऊणशे किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात हायवेच्या दोन्ही अंगांना ऊस आणि मध्ये ही माणसं. हवा की पाणी की आणखी काय, यावर गाडीत वाद झाला. आबांचं म्हणणं खुराक. माझं म्हणणं, इथं हरलेल्या पैलवानालाही गावात नाव असतं, म्हणून पोरं हरायला भीत नाहीत. आबांना हे पटलं नाही. "हरल्याला कोण विचारतंय. मी हरलेला पैलवान हाय, मला म्हायती." ही गोष्ट मला आजवर माहीत नव्हती. जत्रेतल्या दोन कुस्त्या, दोन्ही गेल्या. मग एसटीत भरती.

दुपारी खासबाग. राजर्षी शाहू महाराज १९०२ ला युरोपात गेले होते, तिथं रोममध्ये कोलोसियम पाहिलं आणि कोल्हापुरात आल्यावर कुस्तीसाठी तसं मैदान बांधायचं मनावर घेतलं. १९१२ ला ते खुलं झालं. वरून पाहिलं तर प्रचंड मोठी परात जमिनीत दाबून बसवल्यासारखं. मधोमध आखाडा, चारी बाजूंनी उतार, त्यामुळं सगळ्यात मागे बसलेल्यालाही पुढच्याच्या डोक्याची अडचण नाही. आत फिरायला मिळालं तेवढ्या भागात आम्ही फिरलो. गवत गुडघ्याएवढं, आखाड्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर पाणी साचलेलं, त्यात एक बगळा. शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्याचं काम चालू होतं. म्हणजे त्या टीसीला पदक मिळाल्यावर आठवड्याभरातच ही आग. एकाच आठवड्यात कोल्हापूर आधी नाचलं आणि मग रडलं, असं आमचा रिक्षावाला म्हणाला.

आबा वरच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "हितं आसतो तर दिसलं आसतं." मला आधी कळलं नाही. मग मांड्या आठवल्या. सहा वर्षांच्या पोरालाही मधला माणूस दिसावा अशी जागा महाराजांनी चाळीस वर्षं आधी बांधून ठेवली होती. पोर मात्र तेव्हा कराडात शेणात पडलेलं.

हेलसिंकीहून परतल्यावर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्या केल्या आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं गहाण पडलेलं घर सोडवलं. मला हे पदकापेक्षा मोठं वाटतं असं मी म्हणणार होते, पण समोर बगळा उडाला आणि आबांनी विषय बदलला. त्या दिवशी आषाढी अमावास्या होती. "उद्यापासनं सरावण. आज तांबडा-पांढरा खाल्ला न्हाई तर पाप लागंल." पाप टाळलं. पांढऱ्या रश्श्याच्या तीन वाट्या टाळता आल्या असत्या.

दिवस तिसरा : २५ जुलै, तालीम आणि कांबळवाडी

पहाटे पाचला आबांनी उठवलं. कोल्हापुरात आलोय तर तालीम बघायची. मोतीबाग, गंगावेश ही नावं त्यांना तोंडपाठ, पण आम्ही गेलो ते हॉटेलवाल्याच्या ओळखीच्या एका छोट्या तालमीत, जुन्या पेठेच्या बोळात. दाराशी वस्तादांनी आबांना आत घेतलं आणि माझ्याकडे बघून जरा अवघडले. हौदात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, बायका जात नाहीत. मला रीत ठाऊक होती. मी उंबऱ्याशी थांबते म्हटलं. त्यांनी स्वतः खुर्ची आणून दिली, पुसून.

त्यामुळं मी तालीम पाहिली ती दाराच्या फटीएवढी. पिवळा बल्ब. भिंतीवर मारुती आणि शेजारी शाहू महाराज. माती विटकरी, ओलसर, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मुरवतात, म्हणून वास येतो तो लोणच्याच्या बरणीचा आणि घामाचा एकदम. फटीतून चौदा-पंधरा वर्षांची दोन पोरं दिसत होती. एकमेकांच्या मानेवर हात, डोक्याला डोकं. खडाखडी चाललेली. बराच वेळ काहीच घडत नव्हतं. मग बुटक्या पोरानं दुसऱ्याचं मुंडकं बगलेत घेतलं, पाठ वळवली, कंबर खाली घातली आणि समोरचा त्याच्या अंगावरून उलटा होऊन धप्पकन पडला. माती उडाली. फटीतून माझ्या पायावर पण.

"ढाक," वस्ताद म्हणाले. हाच खाशाबांचा हुकमी डाव. त्यांची उंची साडेपाच फुटांच्या आत. बुटक्या माणसाला ढाक बरी साधते, कारण तो आधीच खाली असतो, असं वस्तादांनी समजावलं. पडलेल्या पोरानं उठून मातीची चिमूट कपाळाला लावली आणि परत डोकं भिडवलं. पुन्हा ढाक. पुन्हा धप्प. मी मोजलं, सात वेळा. आठव्यांदा तो पडला नाही. जिंकलाही नाही, नुसता पडला नाही, आणि वस्तादांनी फक्त "हां" म्हटलं. एवढ्या वेळातला त्यांचा तो एकच शेरा.

बाहेर येऊन आबांनी विचारलं, मॅट बरी की माती. वस्ताद म्हणाले, "मातीत पाठ लागली की खेळ खल्लास. मॅटवर गुण जात राहतात, तरी तुम्ही उभे असता. दोन्ही शिकायला लागतं." पोरी शिकतात का, हे मी विचारलं. "मॅटवर शिकतात की. माझी नात जाते. इथं आत नाही, पण जाते." हे सांगताना त्यांना जरा आनंद झाला आणि जरा अडचणही.

नाश्त्याला मिसळ, आणि भोगावतीच्या खोऱ्याकडे निघालो. राजाराम बंधारा पाण्याखाली गेल्याचं गल्ल्यावरच्या माणसानं सांगितलं होतं, पण आमचा रस्ता दुसऱ्या अंगाचा. हळदी मागे पडलं, भोगावतीच्या साखर कारखान्यापाशी चौकशी केली, आणि तिथून पुढं रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना भात लावणी उरकत आलेली, चिखलात बायका इरलं घेऊन वाकलेल्या. आता इरली प्लॅस्टिकच्या कागदाची असतात, निळी. डोंगर ढगात. आबांना राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे बघायचे होते. पाणी ठरावीक पातळीला चढलं की आपोआप उघडणारे सात दरवाजे, शाहू महाराजांनी सुरू केलेल्या धरणाचे. पाऊस बघून मी तो बेत रद्द केला आणि त्यांनी अर्धा तास अबोला धरला. तेवढ्या अर्ध्या तासात कांबळवाडी आली.

लहान गाव. ओटे, कौलं, सिमेंटचा रस्ता. एक फलक, पावसानं रंग उतरलेला, त्यावर अभिनंदन एवढं शब्दभर वाचता येत होतं. पदकाला वर्ष व्हायला आठवडा होता. मला उगीच वाटलं होतं की गावात काहीतरी वेगळं दिसेल. काय दिसणार होतं? शाळा सुटायची वेळ होती, पोरं शाळेच्या व्हरांड्यात पाऊस थांबायची वाट बघत उभी होती.

या गावातून निघालेला मुलगा. वडील शिक्षक, आई गावची सरपंच. क्रीडाप्रबोधिनीच्या वाटेनं नाशिकला, तिथं हातात रायफल. २०१५ ला रेल्वेत. एकेक गोळी महाग, आणि गोळ्यांसाठी घरच्यांनी कर्ज काढल्याचं तेव्हा वर्तमानपत्रांत आलं होतं. वाचताना मला प्राचार्यांचं घर आठवलं होतं. बहात्तर वर्षांत गहाण टाकणारा बदलला, टाकायची पद्धत तीच. २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत चौथा, पण ऑलिंपिकचा कोटा, म्हणजे देशासाठी एक जागा, मिळाला. मग हांगझोऊचे एशियाड. अंतिम फेरीत पुढं होता आणि एक नेम ७.६ वर गेला. पुन्हा चौथा. चौथा नंबर हा सगळ्यात वाईट. सहावा आलेल्याला निदान झोप लागत असेल.

पॅरिसच्या त्या दिवशी पोटात फक्त कोरा चहा. नेमबाजी प्रत्यक्षात पॅरिसपासून दूर, शातोरूला होती. गुडघ्यावर बसून झाल्यावर तो सहावा होता. पालथं झोपून मारल्यावर पाचवा. मग उभं राहून. या खेळात उभं राहणं सगळ्यात अवघड, कारण टेकायला काही नसतं, फक्त स्वतःची हाडं. तिथं तो वर चढत तिसरा झाला. ४५१.४ गुण. या प्रकारात भारताला याआधी ऑलिंपिकमध्ये कधीच पदक मिळालं नव्हतं.

हे सगळं मी व्हरांड्यातल्या पोरांना सांगायला लागले तर ती हसायला लागली. त्यांना पाठ होतं. आकड्यांसकट. एका पोरानं तर पाय जरा फाकवून, डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून, छत्री रायफलीसारखी धरून दाखवली. मान तिरकी, गाल छत्रीच्या दांड्याला लावलेला. बाकीची पोरं एकदम चूप. पावसाची सर आली, पन्हाळीतून धार पडायला लागली, त्याच्या खांद्यावर शिंतोडे उडत होते आणि तो हलला नाही. मी मनात मोजत होते. वीस. तीस. छत्रीचं टोक मात्र किंचित थरथरत होतं.

"श्वास सोडायचा न्हाई आत्ता," दुसरं पोर आबांच्या कानात कुजबुजलं. आबांनीही स्वतःचा धरला होता.

मग त्यानं जिभेनं टक्क आवाज केला आणि छत्री खाली घेतली. आबांनी सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला.

"किती लागलं?" आबांनी विचारलं.

पोरानं जरा विचार केला. "नऊ पॉइंट दोन."

दहा म्हणाला असता तर आबांनी शाबासकी देऊन विषय संपवला असता. नऊ पॉइंट दोन ऐकून त्यांनी खिशात हात घातला, दहाची नोट काढली, उभी दुमडली आणि बोटांच्या बेचक्यातून त्याच्यापुढे धरली. "ऐंशी पैशे माझे परत दे."

पोराला कळेना. मग कळलं आणि सगळा व्हरांडा हसला. सुट्टे नव्हते, म्हणून आबांनी उधारी ठेवली.

दिवस चौथा : २६ जुलै, परत

सांगण्यासारखं काही नाही. तेच डायव्हर्जन, उलट्या बाजूनं. आबा कराडपर्यंत झोपले आणि कराडला बरोबर जागे झाले, कसे ते त्यांनाच ठाऊक. बत्तीस वर्षांची सवय असणार, स्टँड आलं की डोळे उघडतात.

खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे थोरल्या भावाचा फोन आला, स्पीकरवर घेतला. मागे पुतण्याचा आवाज. त्याला शाळेत खाशाबांवर पाच ओळी लिहायच्या होत्या, आणि आबांची बैलगाडी घालू का म्हणून विचारत होता. मी रस्त्याकडे बघत राहिले. गाडी चालवत असल्याचा तेवढा एक फायदा.

आबा दोन क्षण गप्प होते. मग घसा खाकरून म्हणाले, "घाल की. लिव, गाड्या एकशे एकावन्न. आन् आपली सगळ्यात मागची."